हेंकच्या बंदुकीचं पितळ मी घासलं

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही.

कोरोनामुळे विमानं बंद, म्हणून इकडे परदेशात, हूफडॉर्पला लेकाकडे अडकलेय. शेजारचा हेंक एकटा म्हातारा. वृद्धाश्रमात जायचंय, म्हणून बापाची बंदूक विकतोय. जुनी आहे, खालचा दांडा ओढून गोळी भरायची, मधे सगळं पितळ. आज दसरा. लेकाकरवी म्हटलं, "दे, पूजा करते." त्यानं हौसेनं कुंपणावरून दिली.

पितळ पार काळं पडलेलं. असल्या शस्त्राला हळदकुंकू लावायचं? चिंच-मीठ लावून घासलं, सोन्यासारखं चमकलं!

दुपारी व्हिडिओ कॉलवर बंदुकीची किंमत ठरवणारा म्हणाला, जुना रंगच गेला, आता निम्मीही किंमत यायची नाही.

लेक ओरडला, "आई, घासायला कोणी सांगितलं होतं तुला?"

"अरे, घाण होती ती!"

हेंक हळूच काहीतरी बोलला. लेकानं मला सांगितलं, "किमतीचं जाऊ दे म्हणतोय. तो काळा रंग त्याच्या बापाच्या हातांचा होता."

तेव्हापासून हेंकच्या खिडकीचा पडदा बंद. त्याच्या दारात झेंडूचं फूल ठेवलं, ते तसंच पडलंय.

आपल्याला हेच शिकवलं ना, घासलं म्हणजे जपलं? मग आता माफी तरी कशाची मागू, सांगा.