हिचं उत्तर मराठीत कोण सांगेल?

“आता हिचं उत्तर मराठीत कोण सांगेल?” सरांनी विचारलं आणि अख्खा वर्ग हसत सुटला. मी उभीच होते.

मी तेव्हा आठवीत. पाटणच्या वरच्या अंगाला आमचं गाव. शिकायला वाईत मावशीकडे राहिलेली. विज्ञानाचे सर रोज सांगायचे, हात वर करा, घाबरू नका. बरोबर उत्तर देणाऱ्याला पुढच्या टेबलावर प्रयोग करायला मिळायचा. मला तो करायचा होता. बर्फाच्या ग्लासाला बाहेरून पाणी कुठून येतं, असं सरांनी विचारलं. हात वर करणारी मी एकटी.

“हवेतलंच पाणी हाय ते, सर. गार काचंला लागलं की त्याचं थेंब व्हत्यात.”

“व्हत्यात!” सर हसले. “परत म्हण.”

मी परत म्हटलं. मला वाटलं, ऐकू आलं नसेल.

मग सरांनी ‘मराठीत कोण सांगेल’ विचारल्यावर वाईतल्या एका डॉक्टरांच्या मुलानं तेच उत्तर पुस्तकी भाषेत दिलं. टाळ्या त्याला. प्रयोगही त्यालाच.

मी तोंड शिवून टाकलं.

सहामाहीनंतर पालकसभा. आई रोजगार बुडवून एसटीनं आली. सर तिला म्हणाले, “तुमची मुलगी वर्गात भागच घेत नाही. आम्ही किती प्रोत्साहन द्यायचं?”

आईनं हात जोडले. “चुकलं तिचं, सर. आमी अडाणी मानसं.”

ते जोडलेले हात बघून माझ्या अंगाची आग झाली.

“आई, हात खाली घे. सर, मी बोलले व्हते. उत्तर बराबर व्हतं. तुमी हसलासा.”

सगळे पालक वळून बघायला लागले. सरांचा चेहरा लाल. “ही बोलायची पद्धत?”

“व्हय. आमच्या घरात असंच बोलत्यात.”

“लय बोललीस गं,” आई बाहेर येऊन म्हणाली. घाबरली होती. पण माफी मागायला परत आत गेली नाही.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक तासाला मी हात वर केला. सरांनी वर्षभर बघितलं नाही. टेबलाजवळ बोलावलं नाही. मी हात वर करतच राहिले.

आज मी पाटणजवळच्या शाळेत विज्ञान शिकवते. परवा तपासणीला साहेब आले. एक पोरगी उत्तर देत होती, तिच्या बोलण्यावर ते हसले. पोरगी अर्ध्यात थांबली.

मी म्हटलं, “साहेब, तिचं बोलणं पुरं होऊ द्या. जमत नसेल तर बाहेर बसा.”

त्यांनी माझ्यावर वाईट शेरा मारला. बदली होईल म्हणतात. होऊ दे. कुठल्याही शाळेत टाका. माझ्या वर्गात पोरांच्या उत्तराला हसणारा माणूस आत बसणार नाही. मग तो कुणीही असो.