लार्क डावीकडे, रॉबिन उजवीकडे

माझ्या मैत्रिणीचा नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. ती नागपूरची, मी सांगलीची. इथं अमेरिकेत, ईडन प्रेरी गावात, आमची घरं एकाच रस्त्यावर. तिचा मुलगा तिकडे दूर दक्षिणेत, प्लेनोला नोकरीला. ही दिवसभर टीव्ही लावून बसायची, पण बघायची नाही. तिला घराबाहेर काढायला मी योगा करून पाहिला, लायब्ररीतला विणकामाचा ग्रुप करून पाहिला. शेवटी ऑफिसमधली एकजण म्हणाली, कॉन्ट्रा डान्सला या. रविवारी दुपारी, चर्चच्या हॉलमध्ये. नाच येत नसला तरी चालतं, शिकवतात.

समोरासमोर दोन लांब रांगा करायच्या. स्टेजवर फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिन, आणि पियानो वाजतो, आणि माइकवर उभा असलेला कॉलर पुढची हालचाल सांगत जातो. प्रत्येक जोडी शेजारच्या जोडीबरोबर नाचते, मग एक जागा पुढे सरकते, नव्या जोडीला भेटते. धून संपेपर्यंत निम्म्या हॉलचे हात हातात येऊन गेलेले असतात. पण दर फेरीत आपण परत आपल्या जोडीदाराकडे येतो. जोडीत डावीकडे उभा राहतो त्याला तेव्हा 'जेंट' म्हणत, उजवीकडचीला 'लेडी'. आम्ही दोघी एकमेकींच्या जोडीदार झालो. मी उंच, म्हणून डावीकडे. मध्ये परक्या माणसांचे हात यायचे, पण फिरून ती माझ्याकडेच यायची, आणि तेवढ्या भरवशावर ती नाचत होती. काही रविवार गेले आणि एकदा चुकीच्या रांगेत घुसल्यावर ती चक्क खळखळून हसली.

हॉलची किल्ली ज्याच्याकडे असायची, तो गृहस्थ निवृत्त, पांढऱ्या दाढीचा, पँटला खांद्यावरून पट्टे लावणारा. कमिटीत त्याचा शब्द चाले. नाचायचा मात्र उत्तम, ते नाकारत नाही. त्या दुपारी रांगा लागत असताना तो आमच्याजवळ आला आणि त्यानं मैत्रिणीचं मनगट धरलं.

"लेडीजची जागा तिकडे. जेंट्स रिकामे उभे असताना आमच्याकडे दोन बायका एकत्र नाचत नाहीत. ही या हॉलची ट्रॅडिशन आहे."

"तिला माझ्याबरोबरच नाचायचंय," मी म्हणाले.

तो हसला. लहान मुलाशी हसतात तसं. "तुमच्या देशात बायका-बायका नाचत असतील. इथं आमची पद्धत वेगळी."

आणि तिला स्वतःची जोडीदार करून घेऊन गेला. आजूबाजूचे सगळे प्रेमानं बघत होते, किती छान, नवीन माणसाला सामावून घेतलं. मला कुणीतरी दुसऱ्या रांगेत ओढलं. तिथून मला तिचा चेहरा दिसत होता. तो तिला कमरेला धरून गरागरा फिरवत होता आणि ती छताकडे बघत होती. धून संपल्यावर ती बाथरूममध्ये गेली आणि बाहेरच येईना. मी दार वाजवून तिला काढलं.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "त्यानं कमरेला हात लावला ना, तर मला ह्यांचाच हात आठवला गं. आणि तो ह्यांचा नव्हता." मग बराच वेळ रडली. घर आल्यावर डोळे पुसून म्हणाली, "मी नाही येत बाप्पा आता तिथं."

ती गेली नाही. मी मात्र पुढच्याच रविवारी गेले.

माझा नवरा म्हणाला, "सोडून दे ना यार, म्हातारा माणूस आहे." मी सोडून देणाऱ्यांतली नाही. कॉलेजात माझ्या जर्नलवर चहा सांडून न सांगणारी मुलगी मला अजून नावानिशी आठवते.

त्या माणसाशी मी फार गोड वागले. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, चकल्या करून नेल्या. त्यानं मूठभर खाल्ल्या, रेसिपी विचारली, मी ती लिहूनही दिली. दोन्ही बाजू शिकले. मग एका कॉलर बाईंकडे कॉलिंग शिकायला लागले. ऑफिसला जाताना हायवेवर एकटी मोठमोठ्यानं नाच पुकारत जायची. शेजारच्या लेनमधले बघायचे. त्या बाईंकडेच मला कळलं की बऱ्याच गावांतून 'जेंट' आणि 'लेडी' कधीच गेलेत. तिथं दोन पाखरांची नावं चालतात. डावीकडचा लार्क, उजवीकडचा रॉबिन. इंग्रजीत डाव्या-उजव्याची आद्याक्षरं तीच, म्हणून लक्षात राहतात. लार्क म्हणजे आपला चंडोल. कुणीही चंडोल व्हावं, कुणीही रॉबिन. बाई की बुवा, हा प्रश्नच उरत नाही.

हे ऐकलं आणि मला शस्त्र सापडलं.

आमच्या हॉलमध्ये युनिव्हर्सिटीतले एक विद्यार्थी यायचे. त्यांना 'तो' नको होतं आणि 'ती'ही नको होतं. मी मनातल्या मनात त्यांना 'ते' म्हणते, त्यामुळे माझ्या मुलीच्या वयाच्या माणसाला अहो-जाहो केल्यासारखं वाटतं. दर रविवारी कुठल्या रांगेत उभं राहायचं, यावरूनच ते दारापाशी घुटमळत. शब्द बदलायचा प्रस्ताव त्यांनी हॉलच्या मीटिंगसाठी मांडला, मी अनुमोदन दिलं. त्यांना न्याय हवा होता. मला त्या दाढीवाल्याचा चेहरा पडलेला बघायचा होता. पण मतदानात हात दोघांचा एकाच बाजूला वर होणार होता, आणि मला तेवढं पुरे होतं.

त्या हिवाळ्यात मी हॉलच्या फिडलवाल्या आजींना गाडीतून घरी सोडत असे. त्यांनी बर्फात ड्रायव्हिंग सोडलं होतं. एकदा गप्पांत त्यांनी एक जुनी हकीकत सांगितली. मी गाडी हळू चालवत पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाले, "आजी, हे तुम्ही मीटिंगमध्ये सांगाल का? सहजच."

मीटिंगमध्ये तो दाढीवाला उभा राहून खूप बोलला. ट्रॅडिशन, पूर्वज, हॉलचा आत्मा. पाखरांच्या नावावर एक विनोदही केला, दोघं-तिघं हसले. मग आजींनी मांडीवरचं फिडल बाजूला ठेवलं.

"ही ट्रॅडिशन तू घेऊन आलास," त्या म्हणाल्या. "तू यायच्या आधी इथले पुरुष रविवारी गोठलेल्या तळ्यावर मासे मारायला जायचे. जेंट्सच्या रांगेत निम्म्या बायका असायच्या. गळ्यात नवऱ्याचा टाय बांधायचो, म्हणजे ओळखू यावं. मी आणि माझी बहीण सगळा हिवाळा जोडीनं नाचलोय."

"ते वेगळं होतं," तो म्हणाला.

"काय वेगळं होतं?"

तो लाल झाला, कानांपर्यंत. मी पहिल्या रांगेत मुद्दाम जागा धरली होती.

हात वर करायला सांगितलं. निम्म्याहून जास्त वर झाले. तो मान वळवून कोणाकोणाचे ते बघत होता, आणि मागे कॉफीच्या टेबलापाशी त्याची नजर थांबली. तिथं त्याची बायको दरवेळी कॉफी करायला उभी असायची, आणि तिचा हात वर होता. त्यानं तिच्याकडे बघितलं तरी तिनं तो खाली घेतला नाही. इतकं मी मागितलंच नव्हतं.

नव्या शब्दांच्या पहिल्या रविवारी कॉलिंग माझ्याकडे होतं. तो आला. दारातच जाहीर केलं, "तुम्ही काहीही म्हणा, मी जेंटच." मी हसून मान डोलावली. तिसरा नाच मी त्याच्यासाठी शोधून ठेवला होता. त्यात निम्म्यावर जोडीदार आपसात बाजू बदलतात, म्हणजे लार्कचा रॉबिन होतो. मी तो आधी नीट चालून दाखवला, फसवलं नाही. पण त्यानं लक्ष दिलं नाही, मुरलेले लोक देत नाहीत. संगीत सुरू झालं, बाजू बदलल्या, आणि तो सवयीनं परत डावीकडे. समोरच्या बाईवर आदळला. पुढच्या फेरीत पुन्हा. त्याच्यापाशी रांग तुटली. मी हात वर करून संगीत थांबवलं.

"परत बघू या," मी माइकवरून म्हणाले. माझा आवाज इतका गोड झालेला मला तरी आठवत नाही. "लार्क डावीकडे, रॉबिन उजवीकडे. सर, या क्षणी तुम्ही रॉबिन आहात."

हॉल हसला. लोकांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, चुकलं की तिथं सगळ्यांनाच हसतात. वाईट होतं ते सगळं माझ्या एकटीच्या मनात होतं, आणि भरपूर होतं. तो जोडीदाराला रांगेत उभी सोडून निघाला, कोट घेतला आणि गेला.

मैत्रीण तोवर मुलाकडे प्लेनोला राहायला गेली होती. घरी पोचताच मी तिला व्हिडिओ कॉल लावला. ती भाजी निवडत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"कोट घेताना काही बोलला का?"

"काही नाही."

"आणि चेहरा? चेहरा कसा झाला होता? नीट सांग ना."

मी सांगितलं. तिनं परत सांगायला लावलं. आतून मुलानं विचारलं, "Aai, what happened?" ती म्हणाली, "काही नाही रे, एक चंडोल उडाला," आणि कॅमेरा छताकडे करून हसत बसली.

पण ती परत आली नाही. तिथं तिला नातवंडं आहेत, मोकळ्या वेळात देऊळ आहे. नाचाचं नाव काढलं की विषय बदलते. तेवढं माझ्याकडून त्याला माफ नाही.

तोही पुन्हा हॉलमध्ये आला नाही. बायको मात्र येते. पहिल्यांदा आली तेव्हा कॉफीच्या टेबलाकडे गेलीच नाही, सरळ माझ्याकडे येऊन म्हणाली, "मला लार्क व्हायचंय. शिकवशील?" शिकवण्यासारखं फार नव्हतं, इतकी वर्षं तिथं उभं राहून सगळं बघून ठेवलं होतं तिनं. तिला बर्फात गाडी चालवायची भीती वाटते, म्हणून तोच सोडतो आणि आत न येता पार्किंग लॉटमध्ये इंजिन चालू ठेवून बसून राहतो. स्टेजवरच्या खिडकीतून गाडीचा पांढरा धूर दिसतो.

गेल्या रविवारी बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती. वेळ संपत आली तशी ती घाम पुसत स्टेजपाशी आली. "झालं का? तो वाट बघत असेल."

मी खिडकीतून एकदा बघून घेतलं.

"अजून एक घेऊ या," मी माइकवर म्हणाले. "मोठासा."