बर्फावर पाठवणारे चाचा

कुठल्याही प्रवासाची बोलणी सुरू झाली की चाचा आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवायचे आणि त्यातल्या एका तारखेवर अंगठा दाबून धरायचे. "ह्यो दिवस रस्त्याचा. बाकीचे तुमचे." माणूस तिरुपतीला जाणारा असो की मक्केला, एक दिवस रिकामा सोडल्याशिवाय ते तिकीट काढत नसत. कुणी कुरकुरलं की शांतपणे विचारायचे, "कावून? रस्त्याला काईच द्यायचं न्हाई का?"

बीडच्या बसस्टँडमागच्या गल्लीतून तुम्ही कधी गेला असाल तर त्यांचं तिकिटांचं दुकान तुम्ही पाहिलं असेल, पण ते लक्षात राहिलं नसेल. एका बाजूला पंक्चरवाला, दुसऱ्या बाजूला फळांची गाडी आणि मधे दोन खुर्च्या मावतील एवढी जागा. मी शाळेत खेळ शिकवते. सहलीची गाडी ठरवायला दर हिवाळ्यात त्यांच्याकडे जायची. मुलं किती, हे ते नंतर विचारत. पहिला प्रश्न ठरलेला असे, "मॅडम, वांती करणारी किती?" तेवढी मुलं खिडकीशी बसवायची यादी ते स्वतः करून द्यायचे.

आमची मुलगी ऋतुजा अकरा वर्षांची असताना मांजरसुंब्याजवळ मोटारसायकलला टेम्पोची धडक बसली आणि तिचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. गाडी तिचे वडील चालवत होते. चूक टेम्पोवाल्याची होती, सगळ्यांनी तसंच सांगितलं, पण त्या दिवसापासून ह्यांनी मोटारसायकलला हात लावला नाही. अपघाताविषयी घरात कुणी बोलत नसे. कृत्रिम पायावर ऋतुजा चालायला शिकली, मग सायकल शिकली, आणि चौदाव्या वर्षी एका रविवारी जेवताना तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. कृत्रिम पाय असलेली एक मुलगी पायांना लांब पट्ट्या लावून बर्फाच्या उतारावरून सरसर खाली येत होती.

"आई, याला स्कीइंग म्हणतात. काश्मीरमध्ये शिकवतात, गुलमर्गला. आपण जायचं?"

"आता दुसरा पाय पण मोडून घ्यायचाय का?" हे म्हणाले आणि ताटावरून उठले.

खरं सांगते, ऋतुजाला घेऊन मी चाचांकडे गेले ती नकार आणायला. बीडच्या तिकीटवाल्याला बर्फातलं काय कळणार? तो जमत नाही म्हणेल आणि विषय संपेल, असा माझा हिशेब होता.

चाचांनी स्कीइंग हा शब्द पहिल्यांदाच ऐकला होता. ते हसले नाहीत. चष्मा पुसून त्यांनी ती चित्रफीत तीनदा पाहिली, मग ऋतुजाकडे वळले.

"जायाचं कसं ते कळलं. थांबती कशी, बेटा?"

तोवर हा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता. पडलीस तर काय, लागलं तर काय, लोक काय म्हणतील, हे सगळ्यांनी विचारलं होतं. तिने टेबलावरच्या दोन पट्ट्या उचलल्या, त्यांची पुढची टोकं जवळ आणली, मागची फाकवली आणि अशी चिमटी केली की वेग मरतो, हे दाखवलं. चाचांनी पट्ट्या तिच्या हातातून घेतल्या आणि फाईलच्या उतरत्या पुठ्ठ्यावरून दोन-तीनदा खाली आणून पाहिल्या.

"मला चार दिस द्या," ते म्हणाले.

दर थंडीत बीडला शाली विकायला येणारे काश्मिरी तुम्ही पाहिले असतील. चाचांनी त्यांच्यातल्या एकाला गाठलं. त्याचा चुलतभाऊ टंगमर्गला राहत होता, म्हणजे गुलमर्गच्या पायथ्याला, आणि त्याच्या ओळखीचा एक माणूस स्कीइंग शिकवायचा. त्या शिक्षकाने पूर्वी पाय गमावलेल्या एका जवानाला शिकवलं होतं. पाचव्या दिवशी दुकानात मोबाइलच्या पडद्यावर तो शिक्षक दिसला आणि त्याने अडचण सांगितली. स्कीचा बूट दगडासारखा कडक असतो. खरा पाय घोट्यात वळवून आत घालता येतो, पण कृत्रिम पायाचा घोटा वळत नाही. तो आत जाईलच असं नाही.

चाचांनी लगेच शेजाऱ्याकडून एक घट्ट गमबूट आणवला. ऋतुजाने कृत्रिम पाय त्यात घालायचा बराच प्रयत्न केला. तो अर्ध्यावर अडकला. तिचा चेहरा पडला. चाचा उठले, फळांच्या गाडीवरून एक पातळ पिशवी मागून आणली, तिच्या रबरी पावलावर चढवली आणि बूट पुन्हा पुढे केला. पाय सुळकन आत गेला.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"कुनी न्हाई. माझी अम्मी बायांच्या आखडलेल्या बोटांवर असाच पातळ कपडा लपेटून बांगड्या भरायची."

त्यानंतर दोन महिने रोज सकाळी मी आणि ऋतुजा गमबूट घालून पालीच्या धरणाकडे चालायला जायचो. तो चाचांचा हुकूम होता. जड पायांची सवय हवी. बिंदुसरा नदीच्या काठावर कोरड्या उन्हात गमबूट घालून फिरणाऱ्या मायलेकी बघून गुराखी थबकायचे. एकाने विचारलंच, "मॅडम, पाऊस यायलाय का?"

राहता राहिले हे. एका रविवारी चाचांनी त्यांना दुकानात बोलावून घेतलं. मला वाटलं, आता समजूत घालणार. तसं काही झालं नाही.

"दादा, नका जाऊ," चाचा म्हणाले. "पन तुमाला कशाकशाचं भ्या हाय, ते तरी लिहून घेऊ."

हे सांगत गेले आणि चाचा वहीत लिहीत गेले. पाय सांध्यातून निघाला तर. थंडीने जखम झाली तर. दवाखाना किती लांब. विमानतळावर पाय काढायला लावला तर. एकेका ओळीसाठी त्यांनी फोन लावला, कधी शिक्षकाला, कधी पाय बनवणाऱ्या कारागिराला, कधी विमानतळावर. दुपार त्यातच गेली. ओळी संपल्या तरी ह्यांचा चेहरा होता तसाच होता. चाचांनी वही मिटली आणि आवाज खाली आणला.

"दादा, यवढं लिहिलं, पन खरं ते न्हाई लिहिलं. तिथं चालवनार ती हाय. तुमी न्हाई. तुमी खाली नुसतं हुभं ऱ्हायचं."

  ह्यांनी कॅलेंडर स्वतःकडे ओढलं आणि विचारलं, "फेब्रुवारीत बर्फ असतो का?"

जाताना दिल्लीला आमचं विमान रद्द झालं. श्रीनगरला बर्फ पडत होता. काउंटरवर लोक भांडत होते, कारण त्यांची एकेक तारीख बांधलेली होती. आम्ही विमानतळाजवळ खोली घेतली. हे पांघरुणात शिरत म्हणाले, "रस्त्याचा दिवस रस्त्याने घेतला," आणि कित्येक दिवसांनी गाढ झोपले.

गुलमर्ग केवढं आहे, हे सांगून कळायचं नाही. आपल्याकडे डोंगर म्हणजे बालाघाटाच्या रांगा. तिथे एकेक उतार असा की वरचा माणूस मुंगीएवढा दिसावा. आमचा वाटा मात्र पायथ्याच्या, नवशिक्यांच्या बुटक्या उताराचा होता. पहिल्या दिवशी बूट घालतानाच शिक्षक काळजीत होता. ऋतुजाने खिशातून पिशवी काढली. पाय आत गेला तेव्हा त्याने तोंडात बोट घातलं. मग ती पडली. उठली, पडली. दुपारपर्यंत मी मोजायचं सोडून दिलं. हे खाली उभे होते, हात खिशात, ओठ मिटलेले. एकदाही पुढे धावले नाहीत. ते किती अवघड गेलं असेल, ते मला माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी ती उताराच्या टोकावरून निघाली, डुगडुगली, सावरली, दोन्ही पट्ट्यांची टोकं जवळ आणली आणि वडिलांच्या पुढ्यात चार हातांवर येऊन उभी राहिली. ह्यांनी तिच्या टोपीवरचा बर्फ झटकला. मग पाठ फिरवून फोन लावला.

"चाचा, थांबली."

 पलीकडून चाचा म्हणाले, "लई झाक. मंग आता जेवून घ्या, दादा."

आम्ही परतल्यावर पेढे घेऊन गेलो. मी आभार मानायला लागले तर ते म्हणाले, "मॅडम, मी तर जाग्यावरून उठलो बी न्हाई." पुढे ऋतुजा परत दोनदा गेली, एकदा तर एकटी. हे आता मोटारसायकल चालवतात. डॉक्टरांनी आमच्या मुलीला चालतं केलं, हे खरंच आहे. पण ती थांबेल कशी, असं विचारून तिला जाऊ देणारा माणूस आम्हाला त्या गल्लीत भेटला. एवढं सांगितलं तरी ऋण पुरतं सांगून होत नाही.

मागच्या वर्षी चाचा गेले. आजारपण असं काही नव्हतं. दुपारची नमाज पढून आडवे झाले आणि उठले नाहीत. आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो तेव्हा अंगण भरलेलं होतं. लिंबागणेश गावचे पागोटेवाले शेतकरी, मेकॅनिक, मास्तर, बुरख्यातल्या म्हाताऱ्या. कुणी कुणाच्या ओळखीचं नव्हतं. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की सगळे एकमेकांना एकच गोष्ट विचारत होते, "तुमाला कुठं पाठवलंतं त्यांनी?" कुणी तिरुपती सांगे, कुणी मदिना, कुणी मुलाच्या नोकरीसाठी दिल्ली.

आतल्या खोलीत बायका चटईवर बसल्या होत्या. ऋतुजाला खाली बसायला त्रास होतो, म्हणून एका म्हातारीने तिच्या पाठीशी लोड सरकवला आणि विचारलं, "तुला कुठं, बेटी?"

"बर्फावर."

"बर्फावर? सांग की मंग."

ऋतुजा सांगू लागली. मधेच दाराचा पडदा वाऱ्याने हलला आणि मला अंगण दिसलं. तिथे चार अनोळखी माणसांच्या मधे बसून, दोन्ही हातांनी उतार दाखवत, हेसुद्धा तेच सांगत होते.