वाकवलेलं बोट

“बोट वाकवा बाई, बोट वाकवा.”

माळीबाबा माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते हे. मी नुकतीच लग्न होऊन पुण्यात आले होते. आमचं कासाराचं घर, आणि मागची भिंत एका सरदाराच्या बागेला लागून. भिंतीवरून डोकावले तर मांडवाला एक कोवळी काकडी लोंबत होती. मी हात लांब करून ती सासूबाईंना दाखवली, तोच मांडवाखालून हा आवाज आला. कोवळ्या काकडीला बोट दाखवलं की ती कुजते, हे तुम्हीही लहानपणी ऐकलं असेल आणि मोठेपणी सोडून दिलं असेल. माळीबाबांनी सोडलं नव्हतं. काहीही दाखवायचं झालं तर ते तर्जनी पेरातून वाकवत आणि त्या वाकड्या बोटानं दाखवत. काकडीच असं नाही, ओढा, रस्ता, आभाळातला ढग, सगळं तसंच.

मी मुळात तोंडाळ. म्हटलं, “बोट नको तर काय कोपर दाखवू?”

त्यांनी खरोखर विचार केला आणि म्हणाले, “कोपर चालंल.”

आमच्या धंद्यात माणूस आधी हातावरून कळतो. कोणाचा हात कष्टाचा, कोण मनातून घाबरलेलं, कोण सासरी उपाशी आहे, हे बांगडी चढवताना न विचारता समजतं. बाबांच्या हातांना मातीच्या भेगा होत्या, त्यात नवल नाही. पण उजव्या हाताची तर्जनी वाकवून वाकवून तशीच राहिली होती. भाकरी मोडतानाही ती सरळ होत नसे.

पौषात पुण्यात काकडी मिळत नाही, थंडीत वेल धरतच नाही. बाबांची मात्र निघायची, कारण त्यांनी बागेच्या कोपऱ्यात तिच्यासाठी घर बांधलं होतं. तीन बाजूंना मातीच्या भिंती, उन्हाकडची बाजू आणि छप्पर मेणकापडाचं. आतली जमीन गुडघाभर खणून पागेतली ताजी लीद भरायची आणि वर माती पसरायची. ती लीद आतल्या आत तापे. बाहेर पेठ कुडकुडत असताना आत पाऊल टाकलं की घाम फुटायचा. दिवस कलला की बाबा छपरावर गवताच्या तट्ट्या अंथरत, ऊन वर आलं की काढत. दुपारी कापड जरा उचलून आत हात घालत आणि वेलाचा दम कोंडलाय म्हणत. उबदार, अंधारी, बंद जागा, म्हणून लोकांनी तिला नाव ठेवलं ‘बाळंतिणीची खोली’. येणाराजाणारा विचारायचा, काय बाबा, बाळंतीण बरी आहे ना? बाबा मान हलवत, पण हसत नसत. मला वाटे, यांना थट्टा कळत नाही.

काकडी सरळ यावी म्हणून त्यांचं जे काही चाले, ते बघत मी भिंतीशी उभी राहायची आणि सासूबाईंची बोलणी खायची. वेल सुंभाच्या दोऱ्यांवर चढवलेले. काकडी दोरीला टेकली की तिथं वाकते, म्हणून प्रत्येक काकडी मोकळी लोंबली पाहिजे. पाणी विहिरीतून काढून लगेच घालायचं नाही, उन्हात माठात ठेवून कोमट झालं की रोज सारखंच घालायचं. एक दिवस तहान राहिली तर काकडी मधेच बारीक होते, ते म्हणत, आणि मग कितीही पाजा, ती जागा भरत नाही. बंद घरात मधमाशी येणार कुठून? म्हणून ते एक फूल खुडून दुसऱ्या फुलाला अलगद लावत. त्याला ते लग्न लावणं म्हणत. एकदा मी विचारलं, मंगलाष्टकं कोण म्हणतं? तर म्हणाले, “तुम्हीच म्हणा, तुमचा आवाज मोठा हाय.”

वाकड्या काकड्या आम्हा शेजाऱ्यांना मिळत, सरळ सरदारांच्या मुदपाकखान्यात जात. कोशिंबीर वाकड्या काकडीची केली तर सरदारांना जिभेवर कळणार होतं की काय, देव जाणे. पण तिथला आचारी मोठा नखरेल होता. त्याचं आणि बाबांचं दर हिवाळ्यात एकदा वाजायचंच. कारण पौषातली पहिली काकडी, सर्वांत सरळ आणि देखणी, बाबा मुदपाकखान्यात देत नसत. ते भिंतीशी येऊन मला विचारत, यंदा कुणाकडं हिरव्या बांगड्या भरल्या? दिवस गेलेल्या बाईला हिरवा चुडा मीच भरणार, तेव्हा पेठेत कोण गरोदर आहे हे तिच्या सासूच्या खालोखाल मला माहीत. मी घर सांगे. बाबा ओल्या फडक्यात काकडी गुंडाळून त्या घराच्या उंबऱ्यावर ठेवत आणि हाक न मारता परत फिरत. आचाऱ्यानं एकदा वर तक्रार नेली. सरदारीणबाई स्वतः पाच लेकरांची आई. त्या म्हणाल्या, पहिली तिकडेच जाऊ दे. त्यानंतर आचारी नुसता धुसफुसत राहिला.

एका सकाळी मी सरळच विचारलं, बाबा, हे कशासाठी? ते तट्ट्या गुंडाळत होते. हात थांबवला नाही, पण सांगितलं.

त्यांना एकच लेक. हडपसरला शेतकऱ्याच्या घरी दिलेली. तिला दिवस राहिले आणि डोहाळा लागला तो काकडीचा, तोही कार्तिकात, वेल वाळून गेल्यावर. बापाच्या हाताची काकडी पाहिजे म्हणून तिनं निरोप धाडला. तेव्हा काकडीचं हे घर नव्हतं. बाबांनी उलट निरोप दिला की चैत्रात टोपलीभर आणतो. सातव्या महिन्यात तिच्या ओटीभरणाला ते हडपसरला गेले. हिरवं लुगडं, हिरवा चुडा, केसांत फुलं. इतकी गोड दिसत होती, की भरल्या मांडवात या माणसाला राहवलं नाही. शेजारी बसलेल्या पाहुण्यांना हात लांब करून ते म्हणाले, ती बघा, ती माझी लेक.

“सरळ बोट दाखवलं मी, बाई,” बाबा म्हणाले. “माघात बाळंत झाली. पोरगी वाचली, ती गेली. कोवळी व्हती. मी बोट दाखवलं, कुजली.”

मी त्यांच्याशी भांडले. अहो, बाळंतपणात घरोघरी बायका जातात, त्यांना काय कोणी बोटं दाखवलेली असतात? मी स्वतः रोज गरोदर बायकांची बोटं धरते. बरंच काही बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुमचं खरं हाय. पर बोट माझं हाय.”

त्यानंतर ते कधी हडपसरला गेले नाहीत. नात तिच्या वडिलांच्या आईजवळ वाढत होती. आपण तिच्यासमोर गेलो तर पुन्हा काही होईल, या भीतीनं हा माणूस दोन कोसांवर राहून नातीचं तोंड बघायला तयार नव्हता. मला रात्रभर त्या माणसाचा राग येत राहिला आणि मी रडतही राहिले.

मग मी एक केलं. हडपसरला संक्रांतीला आणि श्रावणात माझी फेरी असे. त्या पोरीला बांगड्या भरल्या की तिच्या मापाची एक बांगडी मी बाबांना आणून देई. केवढी झाली, ते विचारत, आणि मी उत्तरादाखल बांगडी पुढे करी. ते ती तळहातावर ठेवून बघत, मग वेलाच्या दोरीला अडकवत. दर खेपेला शेजारच्या दोरीला नवी. वाऱ्यानं कापड हललं की त्या घरात बारीक किणकिण होई. नात कशी वाढली हे बाबांनी त्या बांगड्यांवरून पाहिलं.

पोर मोठी झाली, लग्न होऊन सासरी गेली आणि पहिल्या बाळंतपणाला वडिलांकडे हडपसरला आली. मार्गशीर्षात तिला हिरवा चुडा भरायला मीच गेले. हात माझ्या हातात होता. तीन बांगड्या चढल्या आणि चौथीला तिनं हात आवळला. मला वाटलं दुखलं. ती खाली बघून म्हणाली, “काकू, आज्याला माझा राग हाय का? माझ्यापायी आई गेली म्हणून येत न्हाईत?”

तेव्हा माझ्या हातातली बांगडी फुटली. इतक्या वर्षांच्या धंद्यात अशी फुटली नव्हती.

बाबांना मी जसंच्या तसं सांगितलं.  तिला असं वाटतं, असं ते दोनदा म्हणाले. मग वेलांकडे गेले. त्या हिवाळ्यात त्यांना खोकला धरला होता. आतल्या घामातून उठून बाहेरच्या गारठ्यात जायचं, पुन्हा आत यायचं. मी काढा नेऊन देई, तो तसाच राहत असे. पौषात काकडी उतरली. मी इतक्या काकड्या पाहिल्या, पण तशी पाहिली नाही. टोकापासून देठापर्यंत एकसारखी, कुठं बाक नाही, कुठं तहान राहिल्याची खूण नाही. मी म्हटलं, या वेळी उंबऱ्यावर ठेवून परत फिरायचं नाही. तुम्ही यायचं. ते हो म्हणाले.

आम्ही बैलगाडीनं निघालो. वाटभर फडकं त्यांच्या मांडीवर होतं. गावाच्या शिवेवर चिंच आहे, तिथं त्यांनी गाडी थांबवायला सांगितली आणि उतरले. फडकं माझ्या हातात देऊन म्हणाले, तुम्ही द्या, मी इथंच बसतो. मी ओढलं, रागावले, उपयोग झाला नाही.

पोरीनं काकडी घेतली आणि मीठही न लावता उभ्याउभ्या खाल्ली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती खात होती. मी म्हटलं, आणणारा शिवेवर बसलाय. तशी ती जड अंगानं चालायलाच लागली. वाटेत विहिरीवरच्या बायका मागे आल्या. आम्ही चिंचेपाशी पोचलो तर खाली कोणी नाही. बाबा पुण्याच्या वाटेला लागले होते, पाठ दिसत होती, ती मी तिला मानेनं दाखवली.

पोरीनं त्या बायकांकडे वळून हात लांब केला. तर्जनी सरळ बाबांवर धरली आणि आनंदानं म्हणाली, “त्यो बघा, त्यो माझा आजा.”

तिच्या आवाजानं बाबा वळले. त्यांनी ते बोट पाहिलं. मला तिचा हात खाली ओढावासा वाटला, पण माझाच हात उचलेना.  मग बाबांनी दोन्ही हात जोडले आणि ते चालू लागले. पोर माझ्याकडे बघून हसत म्हणाली, राग न्हाई त्येंना.

गाडीनं मी त्यांना वाटेत गाठलं. चढवून घेतलं तेव्हा अंग तापलं होतं.  मग म्हणाले, “तिनं सरळ बोट दाखवलं. बरं झालं बाई. आता जे काय व्हायचं ते मला व्हईल. ती सुटली.” आणि इतक्या वर्षांत मी न पाहिलेलं हसू त्यांच्या तोंडावर होतं. मी भांडणारच होते. पण त्या हसण्याशी काय भांडणार?

माघ लागता लागता खोकल्यानं बाबा गेले. त्यांचा दहावाही झाला नव्हता, तेव्हा हडपसरचा भाजीवाला निरोप घेऊन आला, की मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत. हे ऐकायला माणूस चार दिवस थांबला असता तर तुझं काय जाणार होतं, असं मी देवाला विचारलं. बाळाच्या मापाची काळी मनगटी घेऊन मी बागेत गेले. तट्ट्या कोणी अंथरल्या नव्हत्या. थंडीनं सगळे वेल काळे पडून दोऱ्यांवर लोंबत होते आणि बांगड्या तेवढ्या तशाच होत्या. मी मनगटी शेवटच्या दोरीला अडकवली आणि तिथंच मातीवर बसून मोठ्यानं रडले. आवाज माझा मोठाच.

चैत्रात पोर लेकीला घेऊन बाग बघायला आली. उघड्यावरचा मांडव तेवढा जिवंत होता. बांगड्या बघून ती एकेक हातात घेत राहिली. मग तिनं विचारलं, आजा सगळं वाकड्या बोटानं दाखवायचा म्हणतात, ते का?

खरं सांगितलं असतं, तर त्या दिवशी शिवेवर तिनं लांब केलेला हात तिला जन्मभर आठवला असता. मी म्हटलं, सुंभाच्या गाठी मारून मारून सांधा धरला होता त्यांचा, दुसरं काय असणार?

तिनं मान डोलावली. मांडवाला एक कोवळी काकडी लोंबत होती. तिनं लेकीला उचलून घेतलं, तिचा चिमुकला हात धरला, त्यातलं एक बोट सरळ केलं आणि काकडीकडे दाखवलं. माझ्या ओठांवर आलेलं मी गिळलं. मीही हात लांब केला, बोट सरळ धरलं आणि बाळाला म्हटलं, ती बघ, तुझ्या पणजोबांची काकडी.