बांधीतले खेकडे

रुपराव नागपुरात सरकारी कचेरीत बाबू होते. घर हुडकेश्वरला, पण रामटेकजवळची दोन एकर धानाची शेती त्यांनी सोडली नव्हती. सुट्टीच्या दिवशी मोटारसायकल काढून ते बांधी, म्हणजे भाताचं खाचर, गाठत.

त्या वर्षी खेकड्यांनी त्यांना रडकुंडीला आणलं. धुऱ्याला, म्हणजे बांधाला, बिळं पडत आणि बांधीत साठवलेलं पाणी शेजारच्या म्हाताऱ्या शालिकरामच्या शेतात उतरे. रुपराव येऊन पाहत तर धान नुसत्या चिखलात उभं. शेवटी एका शनिवारी त्यांनी कृषी केंद्रातून खोडकिड्याचं दाणेदार औषध आणलं. "बिळात टाकू नका, लय जहाल आहे," असं दुकानदाराने बजावलं होतं. रुपरावांनी मान डोलावली, आणि त्याच दुपारी सगळ्या बिळांत ते औषध घातलं. मुक्काम गावातच चुलतभावाकडे केला.

सकाळी बांधीवर गेले तर मनकर्णाबाई धुऱ्यावरून येताना दिसली. गावातली ही विधवा बाई. कोणाच्याही बांधीतले खेकडे धरायला तिला कधी मनाई नव्हती. आज तिची टोपली काठोकाठ भरली होती.

"आज मेहनतच नाही पडली भाऊ," ती हसून म्हणाली. "केकडे आपलेआप बाहेर येऊन पडले. पोरगी आली बाळंतपणाले, तिले रस्सा करून देतो."

सांगावं तर गावभर होणार. शिजवल्यावर विष राहत नसेल, असं त्यांनी स्वतःलाच समजावून पाहिलं. मनकर्णा पार धुऱ्याच्या टोकाला पोचली तरी ते तसेच उभे. मग मात्र चिखल तुडवत धावले.

"थांब वं मनकर्णाबाई! नोको नेऊ ते. मी बिळात औषध टाकलं."

तिने टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, "मघा मी बोलून राहिली होती, तवा काहून नाही सांगितलं?"

तिने टोपली तिथेच धुऱ्यावर पालथी केली, नहराच्या पाण्यावर जाऊन माती लावून हात धुतले आणि मागे न पाहता निघून गेली. एक जीव वाचला, म्हणून रुपरावही सुटल्यासारखे नागपूरला परतले. त्या ढिगावर माती ओढावी हे त्यांच्या मनातही आलं नाही. घरी बायकोला, जयवंताबाईंना, त्यांनी यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी आले तेव्हा शालिकराम खड्डा खोदत होता. बाजूला अकरा बगळे मरून पडले होते.

"रोग आला का काय गा रुपराव?" म्हाताऱ्याने विचारलं.

"असंल," रुपराव म्हणाले, आणि त्यांनी दुसरी कुदळ घेतली. एकेक बगळा त्यांनी उचलून खड्ड्यात ठेवला. कसा हलका जीव होता तो!

त्यानंतर बांधीत बेडूक ओरडेना. पाण्यावर बारके मासे उलटे तरंगले. दिवाळीच्या आधी तुडतुड्यांची कीड पडली आणि आधी रुपरावांचं, मग शालिकरामचं धान चट्ट्याचट्ट्यांनी करपलं.

"बेडकं नाही, बगळे नाही, कोळ्याचं जाळंही दिसत नाही," शालिकराम वाळलेलं धान हातात धरून म्हणाला. "किड्याले खाणारं कोणी राहिलंच नाही गा."

रुपरावांना ते सहन झालं नाही. त्यांनी सगळं सांगून टाकलं. शालिकराम रागावला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "माह्यासंगं खड्डा खोदून राहिला होता, तवा तरी बोलाचं होतं." त्यानंतर बरेच दिवस तो रुपरावांशी कामापुरतंच बोलला.

रुपरावांनी बांधीत औषध टाकणं बंद केलं. आता ते पहाटेच येतात, धुऱ्यावर ओणवे होऊन एकेक बीळ ओल्या मातीने थापून बुजवतात. कंबर धरते, पण मजूर लावत नाहीत. दुसऱ्या पावसाळ्यात बेडूक ओरडले. तिसऱ्या वर्षी चिखलणीच्या औतामागे चार बगळे उतरले. रुपराव काम सोडून ते उडून जाईपर्यंत पाहत बसले.

खेकडेही परतले. मनकर्णा टोपली घेऊन येते, पण धुऱ्यावर पाय ठेवण्याआधी दरवेळी थांबते.

"भाऊ, काही टाकलं त नाही ना?"

"नाही वं बाई," रुपराव म्हणतात. त्यांची मान खालीच असते.

ती शालिकरामच्या बांधीकडे वळते.