शालिनीताईंनी माझी आई शोधून दिली

आई मेली, असं मला लहानपणी एकदा सांगण्यात आलं होतं.

ती जिवंत आहे हे ज्यांनी शोधून काढलं, त्या शालिनीताई काल ठाण्यात देवाघरी गेल्या. झोपेतच. त्रास झाला नाही.

फ्रेंडलिस्टमधल्या फार थोड्या लोकांना हे माहीत आहे. आज लिहितेच.

साठच्या दशकाची सुरुवात. आमचे बाबा उरणच्या बाजूला मिठागरावर कामाला. ते अचानक वारले. मग आईला टीबी झाला.

तिला पनवेलजवळच्या टीबी हॉस्पिटलात ठेवलं आणि मला नि धाकट्या बहिणीला, कुसुमला, म्हणजे आमच्या कुशीला पनवेलच्या बालिकाश्रमात. मी दहाएक वर्षांची, कुशी जेमतेम चार.

आई म्हणाली होती, "बरी झाले का येते."

काही महिन्यांनी आश्रमाच्या मोठ्या बाईंनी मला जवळ बसवलं. "शेवंता, तुझी आई गेली गं."

मी रडले. कुशी रडली नाही. ती रोज फाटकाशी जाऊन म्हणायची, "आय येल."

मग कळलं, कुशीला दत्तक देणार. नाशिकचं जोडपं, मूलबाळ नसलेलं. येत्या रविवारी न्यायला येणार होते. एकटीलाच.

त्याच आठवड्यात, मे महिन्याच्या सुट्टीत, मुंबईच्या कॉलेजची मुलं-मुली एसटीने आश्रमात सेवेला आली. आजच्या भाषेत volunteers.

बाकीचे गाणी शिकवायचे, खाऊच्या गोळ्या वाटायचे. एक चष्मेवाली ताई मात्र फणी घेऊन व्हरांड्यात बसायची आणि एकेकीच्या उवा काढायची. त्या शालिनीताई.

माझं डोकं मांडीवर घेऊन त्यांनी विचारलं, "आई कशाने गेली गं?"

"टीबीनं."

"तू पाहिलंस?"

"नाय."

"मग कोणी पाहिलं?"

त्या तशाच उठल्या, फणी हातात घेऊन, आणि मोठ्या बाईंकडे गेल्या. मी मागोमाग.

बाई म्हणाल्या, "टांगेवाल्याकडून चौकशी केली होती. त्याने गेटवर विचारलं, मिठागरवाली सोनाबाई कुठे? ते म्हणाले, गेली."

"गेली म्हणजे?"

"गेली म्हणजे गेली. अजून काय असतं?"

"आत जाऊन कुणी बघितलं नाही?"

बाई हळूच म्हणाल्या, "टीबी आहे हो तो. इथे एवढी लेकरं सांभाळायची. कुणाला पाठवू?"

वाईट नव्हत्या बाई. तेव्हा सगळेच त्या हॉस्पिटलच्या रस्त्याने जाताना नाकाला पदर लावायचे.

शालिनीताईंचा ग्रुप लीडर चिडला. "आपण इथे गाणी शिकवायला आलोय. यात पडू नकोस."

ताई टांगा करून गेल्या.

परत आल्या तेव्हा घामाने ओल्या झालेल्या. मला म्हणाल्या, "शेवंता, गेली म्हणजे मुंबईला गेली. ऑपरेशनसाठी. पुढचं तिथे कुणाला माहीत नाही. अजून खूश होऊ नकोस हं."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने त्या मुंबईला गेल्या.

तो दिवस मी कसा काढला ते सांगता येत नाही. कुशीचा हात धरून फाटकाशी बसले. जेवायलासुद्धा उठले नाही.

संध्याकाळी त्या आल्या. फाटकातच खाली बसल्या आणि म्हणाल्या, "तुझी आई विचारत होती, कुशी अजून माती खाते काय?"

कुशी माती खायची हे आश्रमात कुणालाही ठाऊक नव्हतं. तिथे मी तिला कधी खाऊच दिली नव्हती.

"आणि म्हणाली, थोरीला सांग, मी हाय."

मी हाय.

त्या रात्री मी इतकी भाकरी खाल्ली की वाढणाऱ्या मावशी हसायला लागल्या.

रविवारी नाशिकचं जोडपं आलं. मोठ्या बाईंनी स्वतः पुढे होऊन त्यांना सांगितलं. त्या काकूंनी आणलेला पिवळा फ्रॉक कुशीच्या अंगाला लावून बघितला, म्हणाल्या, "होतोय की नीट. असू दे तिलाच." आणि गेल्या.

शिबिर संपलं. शालिनीताईंचं त्याच वर्षी लग्न झालं, त्या इंदूरला गेल्या. संपर्क तुटला.

आई बरी होऊन आम्हाला न्यायला आली ती त्याच्या पुढच्या वर्षी. ते त्यांना कळलंच नाही.

गेल्या वर्षी माझ्या नातीने त्यांना फेसबुकवर शोधलं. त्या ठाण्याला लेकीकडे राहत होत्या. मी आणि कुशी दोघी भेटायला गेलो. कुशी आता आजी झाली आहे, खारघरला राहते.

ताईंनी दारातच विचारलं. बसासुद्धा म्हणाल्या नाहीत.

"आई वाचली का गं?"

"वाचली ताई. नातवंडं खेळवली तिने. म्हातारी होऊन गेली."

त्या खुर्चीत बसल्या. चष्मा काढला.

"मला इतकी वर्षं वाटायचं, ती ऑपरेशनमध्ये गेली असेल तर? या पोरीला चांगलं घर मिळत होतं, ते मी मोडलं. यांना कितीदा म्हटलं, पनवेलला जाऊन येऊ. पण पाय उचलेना. तिथे काय ऐकायला मिळेल, कोण जाणे."

कुशीने त्यांचे हात हातात घेतले. "ताई, मी आईच्या कुशीत वाढले."

"बरं झालं बाई," ताई म्हणाल्या. "बरं झालं." मग लेकीला हाक मारली, "अगं, चहा टाक. यांची आई वाचली!"

आतून लेक म्हणाली, "कुणाची आई?"

आम्ही तिघी हसत सुटलो. रडतही होतो.

ताई, तुम्हाला वेळेत सांगता आलं, एवढं समाधान आहे.

शेवंता आणि कुसुमचा तुम्हाला शेवटचा नमस्कार. 🙏