आगर तुडवणारी पावलं

दुपारी तीनच्या सुमारास, कामोठ्याच्या आमच्या सेक्टरमधल्या रिक्षासुद्धा पेंगुळलेल्या असतात तेव्हा, आमच्या हॉलमधून एक आवाज येतो. थप्, थप्, थप्. अनवाणी तळवा लादीवर सपाट पडल्याचा तो आवाज. लादी कोरडी ठणठणीत, पण कानाला मात्र तो ओला लागतो. घराला स्वतःचा असा आवाज असतो का हो? असतो तो माणसांच्या पावलांचा! आणि ही पावलं एक दिवस अडखळतील, या भयाने मी गेलं वर्षभर कान टवकारून जगते आहे.

पावलं माझ्या बाबांची. ऐंशी केव्हाच ओलांडलेल्या बाबांचं सगळं उमेदीचं आयुष्य मिठागरात गेलं, आणि आता त्यांच्या स्मृतीला ओहोटी लागली आहे. माझं नाव गेलं, आईचं मरण गेलं, आत्ताच जेवलो हेही जातं. मागच्या वर्षी न्हाणीच्या उंबऱ्याशी पडले आणि खुबा मोडला. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “पुन्हा पडले तर उठणं कठीण आहे.” मी सतरंज्या गुंडाळून टाकल्या, न्हाणीत धरायला दांडे बसवले, आणि व्यायामासाठी फिजिओथेरपीवाली मुलगी लावली. तोल गेलाच तर मागून धरता यावं म्हणून तिने बाबांच्या कमरेला एक रुंद पट्टा बांधला. “आजोबा, गुडघा वर!” ती म्हणे, आणि आजोबा तिच्याच गुडघ्याकडे कौतुकाने बघत बसत. मी शिकवण्या घेते, पालथ्या घड्यावर पाणी ओतायची मला सवय आहे. पण इथे माझाही धीर सुटला. एकदा वैतागून मी बोलून गेले, “बाबा, चला, आगर तुडवायचंय!”

आणि गुडघा उचलला गेला.

आमच्याकडे दिवाळी सरली की मिठाच्या वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून घट्ट करत. माणसं एकामागे एक उभी राहत, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवत आणि एका ठेक्यात चिखल तुडवत, तो दगडासारखा वाजेपर्यंत. तळ कच्चा राहिला तर मीठ मातकट निघतं. बाबांच्या डोक्यातून सारं निसटलं होतं, तळव्यांतून हे निसटलं नव्हतं. मी पुढे, माझ्या खांद्यांवर बाबांचे हात, मागून पट्टा धरलेली ती मुलगी, असं आमचं आगर रोज तुडवलं जाऊ लागलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पुढे त्या मुलीचं येणं बंद झालं, आणि आम्ही बापलेकच उरलो; पट्टा मात्र बाबांच्या कमरेला राहिला.

आठवडाभराने बाबा म्हणाले, “बाय, जराशी पुरं सरक. धर्माला जागा दे.” धर्मा त्यांचा आगरातला सोबती. मी शाळेत होते तेव्हा त्याची तिरडी आमच्या दारावरून गेली होती. मी निमूट एक पाऊल पुढे सरकले. बाबांचे हात माझ्या खांद्यांवरून निघाले, आणि माझ्या मागे, हवेतच, त्याच उंचीवर स्थिरावले.

खुर्चीवरून न्हाणीकडे जाताना बाबा हॉलच्या मधोमध, जिथे काहीच नाही तिथे, काटकोनात वळत. आमच्या इमारतीखाली भराव आहे आणि भरावाखाली आगर, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि मानणं यात केवढं अंतर! एकदा मी त्यांचा हात धरून त्यांना सरळ ओढलं. “तिथं नको, बांध सुटला, तळ कच्चा हाय!” ते ओरडले आणि कोसळले. नशीब, दिवाणावर पडले. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि मग दिवाण, टीपॉय, टीव्ही, सगळं त्या न दिसणाऱ्या बांधाच्या कडेला हलवलं. शहाणपण शेवटी कुणाचं खरं? न पडणाऱ्याचं! त्या चुकीनंतर चालत्या बाबांना मी कधी मागून हाक मारली नाही, कधी मध्येच अडवलं नाही.

परवा खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. तक्रारीच्या सुरात नव्हे, आपलं सहज त्यांनी विचारलं, “दुपारी तुमच्याकडे व्यायामाला किती जण येतात गं?” दोघंच असतो, मी म्हणाले. काकू हसल्या. त्यांना ते पटलं नव्हतं.

आणि काल. औषधं आणायला मी दहा मिनिटं खाली गेले होते. बाबांना खुर्चीत बसवून गेले होते. धरल्यावाचून त्यांना उठताच येत नाही. परत येऊन दारात किल्ली लावली, तोच आतून आवाज आला. थप्, थप्, थप्.

बाबा हॉलच्या मध्यावर उभे होते, एकटे. हात समोर, खांद्याच्या उंचीवर, बोटं किंचित वळलेली, काहीतरी धरल्यासारखी. तोल जरासुद्धा ढळत नव्हता. वर्षभरात मी त्यांना इतकं भक्कम उभं पाहिलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता ना? मागचं दार लावायचंही मला सुचलं नाही. इतके दिवस मी त्यांच्या पडण्याला भीत होते. रांग जिकडे वळेल तिकडे तेही न पडता, न अडखळता चालू लागतील, हे कधी मनात आलं नव्हतं.

मी हाक मारली नाही. चपला काढून पुढे गेले, रोजच्या जागी उभं राहायला. मान न वळवता बाबा म्हणाले, “बाय, पुरं जागा नाय. मागं लाग.”

मी मागे गेले. डावा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला, उजव्याने कमरेचा पट्टा मुठीत घट्ट धरला आणि पाय उचलला. पायाखालची लादी गार होती, आणि किंचित मऊ. हळूहळू रांग न्हाणीच्या उलट दिशेला, उघड्या राहिलेल्या दाराकडे वळू लागली. मी ठेका चुकवला नाही, पण पट्टाही सोडला नाही.